घडावरच्या फवाऱ्याला हिशेब हवा : कृषी आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य,
कृषी आयुक्तालय, पुणे.

विषय : केळीतील संजीवकांच्या वापराबाबत अधिकृत मराठी मार्गदर्शन, टॉनिकांची तपासणी आणि शेतावरच्या चाचण्या.

महोदय,



केळीच्या बागेत संजीवके आता सर्रास वापरली जातात. घड निसवला की लांबीसाठी एक बाटली, जाडीसाठी दुसरी, चमक येण्यासाठी तिसरी. करमाळा, माढा, इंदापूरपासून रावेर, यावल आणि अर्धापूरपर्यंत हेच चित्र आहे. संजीवके वापरूच नयेत, असे मी म्हणत नाही. योग्य वेळी, योग्य मात्रेत दिलेले संजीवक केळीला उपयोगी पडते, हे विज्ञानाने दाखवले आहे. पण कोणते रसायन, किती, कोणत्या अवस्थेत आणि काढणीआधी किती दिवस थांबायचे, या चार प्रश्नांची उत्तरे शेतकऱ्याला आज दुकानाच्या काउंटरवर, तोंडी मिळतात. ती त्याला आपल्या खात्याकडून, छापील मिळाली पाहिजेत. त्यासाठी हे पत्र आहे. प्रश्न हजारो बागांचा आणि केळी खाणाऱ्या प्रत्येक घराचा असल्यामुळे ते उघडपणे लिहिते आहे.

मी पुण्यात राहते. माहेरची बाग करमाळा तालुक्यात उजनीच्या पाण्यावर आहे आणि भाऊ ती कसतो. त्यामुळे केळीची दोन्ही टोके मला दिसतात. एका टोकाला निसवणीनंतर पंप पाठीला लावून घडाखाली उभा राहणारा मजूर आहे, तर दुसऱ्या टोकाला गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून आलेली डझनभर केळी घेऊन घरी जाणारी आई. संजीवके या दोन्ही टोकांना आहेत. आपल्याकडे मार्गदर्शन मात्र दोन्ही टोकांना तोकडे आहे.

संजीवकांच्या विज्ञानाला पुणे परके नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. ए. एफ. मस्कारेन्हस यांच्या गटाने ऊतिसंवर्धनाचे काम उभे केले. याच गटातल्या डॉ. रजनी नाडगौडा आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये बांबूची कोवळी रोपे काचेच्या भांड्यातच फुलवून दाखवली. जो बांबू रानात फुलायला दशके घेतो, तो सायटोकायनिन गटातले संजीवक आणि नारळाचे पाणी घातलेल्या माध्यमात फुलला. ‘नेचर’ या नियतकालिकात हा शोधनिबंध आला आणि जगभर त्याची चर्चा झाली. आज महाराष्ट्रात लागणारी जी-९ म्हणजे ग्रँड नैन वाणाची रोपेही याच शास्त्रातून येतात. एका कंदाच्या कोंबातून शेकडो कोंब फुटतात ते बीएपी या सायटोकायनिनमुळे. पण प्रयोगशाळेत हे संजीवक मिलिग्रॅममध्ये तोलून घातले जाते. मात्रा वाढली किंवा एकाच कोंबापासून वाजवीपेक्षा जास्त फेऱ्या घेतल्या, की रोपांत खुजी, वेड्यावाकड्या पानांची, मूळ वाणापेक्षा वेगळी झाडे निघू लागतात. म्हणूनच केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून ऊतिसंवर्धित रोपांसाठी प्रमाणीकरणाची व्यवस्था सुरू केली. रोपवाटिकेच्या दारापर्यंत ही शिस्त आहे. रोप शेतात गेले की ती संपते आणि मिलिग्रॅमची जागा बाटलीचे झाकण घेते.

केळीच्या झाडात काय घडते, ते थोडे तपशिलाने सांगते, कारण विक्रीच्या बोलण्यातला बराचसा भाग इथेच उघडा पडतो. घडाला किती फण्या लागणार, हे घड बाहेर दिसण्याच्या कितीतरी आधी, खोडाच्या आत ठरते. त्या काळात झाडाची मुळे किती चालत होती, पाने किती निरोगी होती, नत्र आणि पालाश किती मिळाले, करप्याने किती पान खाल्ले, यावर फण्यांची संख्या अवलंबून असते. निसवल्यानंतर घडावर काहीही फवारले तरी एकही फणी वाढत नाही. ‘फण्या वाढतील’ असे सांगून घडावर फवारायला दिलेली प्रत्येक बाटली शेतकऱ्याची फसवणूक आहे. हे वाक्य आपल्या खात्याच्या पत्रकात ठळक अक्षरांत यायला हवे.

निसवणीनंतर हातात उरते ते केळाची लांबी आणि भरणे. केळाला बी नसते, परागीभवनाशिवायच फळ वाढते. त्या वाढीचा आदेश फळातल्या स्वतःच्या संजीवकांकडून येतो. घड उघडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत गरातल्या पेशींची संख्या वाढते, पुढे त्या पेशी भरत जातात. जिबरेलिक आम्ल पेशी लांबवते आणि सायटोकायनिन पेशींच्या विभाजनाला चालना देते. म्हणून त्यांचा परिणाम दिसायचा तर तो याच सुरुवातीच्या काळात. काढणीला महिना उरला असताना केलेली फवारणी केवळ खर्च वाढवते आणि अवशेषाची शक्यता वाढवते. शिवाय परिणाम वाणागणिक, हंगामागणिक बदलतो. खानदेशात घड थंडीत सापडतात तेव्हा वाढ मंदावते आणि घड घशात अडकतो. तिथले उत्तर आणि उजनीकाठच्या बागेतले उत्तर एकच असू शकत नाही.

आता या सगळ्यांत जे सर्वांत स्वस्त आणि खात्रीचे आहे, ते पाहा. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची केळीसाठीची शिफारस प्रति झाड नत्र २०० ग्रॅम, स्फुरद ४० ग्रॅम आणि पालाश २०० ग्रॅम अशी आहे. घड पूर्ण उघडल्यावर केळफूल कापायचे, घडाला आठ-नऊ फण्या ठेवून खालच्या लहान फण्या काढायच्या. नंतर पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.५ टक्के आणि युरिया १ टक्का यांचे द्रावण घडावर फवारायचे आणि घड पिशवीने झाकायचा. सोळा लिटरच्या पंपाला हे अनुक्रमे ८० ग्रॅम आणि १६० ग्रॅम होते. यात संजीवक नाही, साधे अन्नद्रव्य आहे. वेळेवर काढलेली पिले, करप्यावर ठेवलेले नियंत्रण, घडाला दिलेला आधार आणि हा फवारा, एवढे नीट झाले नाही तर महागडे संजीवक उपाशी झाडाला लांब होण्याचा आदेश देते आणि भरायला काही देत नाही. परिणामी केळे लांब होते, पण बारीक राहते. व्यापारी ते निर्यातीच्या पेटीत घेत नाही आणि माल स्थानिक बाजारात जातो.

लांबीची ही घाई कुठून आली, याचाही विचार व्हावा. युरोपीय संघाच्या दर्जाच्या नियमात केळाची किमान लांबी १४ सेंटिमीटर आणि किमान जाडी २७ मिलिमीटर आहे. नीट पोसलेले जी-९ चे केळे ही अट कोणत्याही संजीवकाशिवाय सहज ओलांडते. आखाती देशांतले खरेदीदार यापेक्षा मोठा माल मागतात हे खरे, पण तो मोठेपणा मुळात पालाश, पाणी आणि पानांतून येतो. संजीवकाने त्यात थोडी भर पडते. हा क्रम आज बागेत उलटा झाला आहे.

मात्रेबद्दल एक उदाहरण देते. बाजारात जिबरेलिक आम्ल ‘जीए’ या एकाच नावाने मागितले आणि दिले जाते. पण ०.००१ टक्के द्रवाच्या एक लिटर बाटलीत साधारण १० मिलिग्रॅम जिबरेलिक आम्ल असते. ४० टक्के पावडरीच्या एका ग्रॅममध्ये ते ४०० मिलिग्रॅम असते. म्हणजे चिमूटभर पावडर ही ४० लिटर द्रवाच्या बरोबरीची. ९० टक्के पावडर त्याच्या दुपटीहून जास्त तीव्र, आणि ती पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून आधी अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते. ‘शेजाऱ्याने पंपाला एवढे टाकले, मीही तेवढेच टाकले’ या एका वाक्यात मात्रा कित्येक पटींनी चुकू शकते, आणि चूक कुठे झाली हे शेतकऱ्याला कधीच कळत नाही. पीपीएम हे माप शेतकऱ्याला समजत नाही, अशी तक्रार दुकानदार करतात. एक पीपीएम म्हणजे एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम, इतके साधे हे माप आहे. ते पंपाच्या भाषेत मांडून देणे हे खात्याचे काम आहे.

दुसरे उदाहरण परराज्यातल्या शिफारशींचे. तमिळनाडू कृषी विद्यापीठाने केळीत २,४-डी हे संजीवक २५ ते ३० पीपीएम मात्रेत, शेवटची फणी उघडल्यावर फवारण्याची शिफारस केली आहे. तिथल्या पूवन वाणात बिया राहण्याचा दोष असतो, तोही यामुळे जातो. आपल्या जी-९ मध्ये हा दोष नाही. पण शिफारस फिरत फिरत इथे येते आणि वाणाचे नाव वाटेत गळून पडते. २५ पीपीएम म्हणजे ४० लिटर पाण्यात एक ग्रॅम, सोळा लिटरच्या पंपाला ग्रॅमच्याही निम्म्याहून कमी. घरच्या कोणत्याही तराजूवर ते मोजता येत नाही. हेच २,४-डी कितीतरी जास्त तीव्रतेने तणनाशक म्हणून वापरले जाते आणि शेजारच्या कापसाला त्याचा वाराही सोसत नाही. खानदेशात केळी आणि कपाशीचे बांध लागून असतात, हे आपल्याला सांगायला नको.

त्याच विद्यापीठाने लागवडीनंतर चौथ्या आणि सहाव्या महिन्यात क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे सीसीसी, १००० पीपीएम फवारण्याचीही शिफारस केलेली आहे. सीसीसी हे नाव द्राक्ष बागायतदाराने ऐकले की त्याला २०१० साल आठवते. त्या हंगामात युरोपात पोहोचलेल्या आपल्या द्राक्षांत सीसीसीचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त निघाले. मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा विसावा भाग. कंटेनर अडकले, निर्यातदार आणि बागायतदार यांचे कोट्यवधींचे नुकसान झाले. एप्रिल छाटणीनंतर वेलीची वाढ रोखून घडनिर्मिती व्हावी म्हणून सीसीसी वर्षानुवर्षे फवारले जात होते. निर्यातीपूर्वी तपासायच्या रसायनांच्या यादीत त्या वर्षी ते नव्हते. ते वेलीच्या लाकडात टिकते आणि पुढे फळात उतरते, याची जाणीव बागेत कुणाला नव्हती. यात शेतकऱ्याचा गुन्हा काहीच नव्हता. जे त्याला सांगितले गेले ते त्याने केले आणि जे सांगायला हवे होते ते कुणी सांगितले नाही.

त्या धक्क्यानंतर द्राक्षशेती सावरली ती पुण्यातल्याच संस्थेच्या आधाराने. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा अवशेषांवर लक्ष ठेवते, बागांची नोंदणी होते, वापरायच्या रसायनांची यादी काढणीपूर्व कालावधीसह प्रसिद्ध होते. नाशिक, सांगली, तासगावचा बागायतदार आज ती यादी खिशात ठेवतो. केळीच्या बागायतदाराच्या खिशात असे काहीही नाही.

त्याला आता उशीर परवडणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये बारामतीहून केळीचा कंटेनर समुद्रमार्गे नेदरलँड्ससाठी चाचणी म्हणून रवाना झाला. पुणे जिल्ह्यातून निघालेली ती पेटी ही मोठी आशा आहे. जगात सर्वाधिक केळी पिकवणारा आपला देश निर्यातीत अजून फार मागे आहे. युरोपीय संघात ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नसते, त्यासाठी किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागू होते. एका अज्ञात टॉनिकाच्या बाटलीने एका बागेचा माल या मर्यादेबाहेर गेला, तर नाव त्या बागेचे खराब होणार नाही, महाराष्ट्राच्या केळीचे होईल. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन त्या दिवशी कामी येणार नाही.

अज्ञात टॉनिक हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे. कायद्यानुसार संजीवके, म्हणजे वनस्पती वाढ नियंत्रके, १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. त्यांना नोंदणी लागते आणि लेबलवर पीक, मात्रा, वेळ द्यावी लागते. जैवउत्तेजके वेगळी आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात त्यांचा समावेश झाला आणि त्यांच्यात कीटकनाशकाचा अंश ०.०१ पीपीएमपेक्षा जास्त असू नये, असा नियम झाला. समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक आम्ल, अमिनो आम्ले ही त्यातली. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जाहीरपणे सांगितले की देशात कित्येक वर्षे सुमारे ३० हजार जैवउत्तेजके तपासणीविना विकली जात होती आणि कठोर छाननीनंतर ती संख्या ६५० च्या घरात आली आहे. मग उरलेली हजारो उत्पादने गेली कुठे? काही बंद झाली असतील. काही नाव, रंग आणि लेबल बदलून दुकानात परतली असतील, ही शंका बागेत उघड बोलली जाते. शेवाळाच्या अर्काच्या नावाखाली त्यात जिबरेलिक आम्ल किंवा सायटोकायनिन मिसळले असेल, तर शेतकऱ्याला चार दिवसांत फरक दिसतो, तो पुन्हा तीच बाटली मागतो आणि आपण काय फवारतो आहोत हे त्याला कळतच नाही. वर त्याच आठवड्यात तो जीएही वेगळे फवारतो. मात्रा दुप्पट होते, आणि ती नोंदली कुठेच जात नाही.

अति मात्रेचे परिणाम काय होतात, याची उदाहरणे जगात आहेत. २०११ मध्ये चीनच्या जिआंगसू प्रांतात फोरक्लोरफेन्युरॉन या संजीवकाचा चुकीच्या वेळी वापर आणि त्यानंतर आलेला पाऊस यामुळे शेतातली कलिंगडे फुटली होती. तिथे ते रसायन बेकायदा नव्हते. चूक वेळेची आणि मात्रेची होती. हेच संजीवक आपल्या द्राक्षबागांत मणी फुगवण्यासाठी परिचित आहे. एका पिकातून दुसऱ्या पिकात जायला त्याला फक्त एका सल्ल्याची गरज लागते.

फवारणाऱ्याचाही विचार व्हावा. केळीचा घड डोक्याच्या वर लोंबतो. फवारणी करताना नळी वर धरावी लागते आणि थेंब तोंडावर, मानेवर, छातीवर पडतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, तेव्हा पिकाची उंची आणि रसायनांची मिश्रणे यांवर राज्यभर चर्चा झाली. केळीत संजीवक, कीटकनाशक आणि बुरशीनाशक एकाच टाकीत मिसळण्याची पद्धत वाढते आहे. कोणते मिश्रण चालते आणि कोणते चालत नाही, हे सांगणारा एकही छापील तक्ता मजुराच्या हाती पोहोचत नाही.

आता शहराच्या टोकाकडे येते. पुण्याच्या बाजारात येणारे केळे हिरवे येते आणि इथे पिकवले जाते. त्याला पिकवणारा इथिलीन वायू हेही संजीवकच आहे. पिकणारे फळ स्वतःच हा वायू सोडते, हे १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी सफरचंदावर सिद्ध केले. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये १०० पीपीएमपर्यंत इथिलीन वायूने फळे पिकवायला परवानगी दिली. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे घातक अंश असतात. इथेफॉनची पुडी इथिलीनचा स्रोत म्हणून वापरता येते, पण ती फळाला लागता कामा नये. इथेफॉनच्या द्रावणात केळीच्या फण्या बुडवणे नियमबाह्य आहे. तापमान आणि आर्द्रता सांभाळणाऱ्या बंद खोलीत इथिलीनने पिकवलेले केळे खायला सुरक्षित आहे. पुण्यातल्या ग्राहकांच्या मनात ‘गॅसवर पिकवलेले’ म्हणून सगळ्याच केळ्यांविषयी जी भीती बसली आहे, ती घालवणे हे सरकारचेच काम आहे. कारण त्या भीतीमुळे नियम पाळून खोली बांधणारा व्यापारी आणि बादलीत फण्या बुडवणारा व्यापारी गिऱ्हाइकाच्या नजरेत सारखेच ठरतात.

बागेतली फवारणी आणि पिकवण्याची खोली यांचा थेट संबंध आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. जिबरेलिक आम्ल सालीचा हिरवेपणा टिकवून धरते आणि पिकणे लांबवते. लांबच्या समुद्रप्रवासाला हा गुण उपयोगी पडू शकतो. पण वेगवेगळ्या बागांचा, वेगवेगळ्या मात्रांनी फवारलेला माल एकाच खोलीत आला, तर तो एकसारखा पिकवणे अवघड जाते. मग कुणाला रसायनाचा आडमार्ग जवळचा वाटतो. बागेतली मात्रा नोंदलेली असेल तर खोलीतला निर्णयही नीट घेता येईल.

म्हणून आपल्याकडे पाच मागण्या करते.

पहिली, केळीसाठी संजीवकांची एक अधिकृत मराठी पत्रिका काढावी. केळीवर नोंदणीकृत असलेली संजीवके, त्यांचे घटकनाव, पीक अवस्था, सोळा लिटरच्या पंपाला लागणारी मात्रा, मिश्रणाचे नियम आणि काढणीपूर्व थांबण्याचे दिवस, हे सगळे एका पानावर असावे. निर्यातीसाठी टाळायची रसायने वेगळ्या रंगात दाखवावीत. ही पत्रिका प्रत्येक सहायक कृषी अधिकाऱ्याकडे, प्रत्येक निविष्टा दुकानात आणि प्रत्येक पॅक हाऊसच्या भिंतीवर असावी.

दुसरी, केळी पट्ट्यातल्या दुकानांतून टॉनिके आणि जैवउत्तेजकांचे नमुने घेऊन त्यात लपवलेल्या संजीवकांची तपासणी व्हावी आणि निष्कर्ष उत्पादनाच्या नावासह प्रसिद्ध करावेत. नमुना नापास झाला हे शेतकऱ्याला हंगाम संपल्यावर कळून उपयोग नाही.

तिसरी, जळगाव आणि नांदेड येथील केळी संशोधन केंद्रांच्या मदतीने शेतकऱ्यांच्या बागांत चाचण्या घ्याव्यात. प्रत्येक चाचणीत काहीही न फवारलेली एक ओळ असावी, आणि फक्त विद्यापीठाची अन्नद्रव्याची फवारणी केलेली एक ओळ असावी. घडाचे वजन, केळाची लांबी आणि जाडी, मिळालेला भाव, झालेला खर्च आणि अवशेषांची तपासणी यांचा हिशेब मराठीत छापावा. मृगबाग आणि कांदेबाग या दोन हंगामांतल्या लागवडींच्या चाचण्या वेगळ्या असाव्यात.

चौथी, पावतीवर उत्पादनाच्या नावाबरोबर घटकनाव आणि त्याचे प्रमाण लिहिणे दुकानदाराला बंधनकारक करावे. निविष्टा विक्रेत्यांसाठी असलेल्या पदविकेत संजीवकांचा पाठ सक्तीचा असावा. आणि द्राक्षांच्या धर्तीवर केळीच्या बागांची नोंदणी सुरू करून प्रत्येक बागेच्या फवारणीची वही ठेवली जावी.

पाचवी, अन्न व औषध प्रशासन आणि पुणे बाजार समिती यांना सोबत घेऊन इथिलीनच्या नियमबद्ध पिकवण खोल्यांची यादी जाहीर करावी, म्हणजे ग्राहकाला कुठला माल विश्वासाने घ्यायचा ते कळेल.

यातल्या एकाही मागणीसाठी नवा कायदा लागत नाही. १९६८ चा कायदा आहे, खत नियंत्रण आदेश आहे, कृषी विद्यापीठे आहेत, मांजरीचा अनुभव आहे, आणि हे सगळे आपल्या कार्यालयापासून फार दूर नाही. लागते ती हे सगळे एकत्र बांधणारी इच्छा.

शेतकरी बंधू-भगिनींनाही दोन शब्द सांगते. घटकनाव लिहिलेले नाही अशी बाटली घेऊ नका. पावतीशिवाय काही घेऊ नका. फवारण्याआधी बागेत एक ओळ कोरी सोडा आणि काढणीला दोन्ही ओळींचे घड काट्यावर ठेवा. आपल्या बागेचा पुरावा आपल्याच हाती येईल, आणि तो कुठल्याही दुकानातल्या सल्ल्यापेक्षा खरा असेल.

आयुक्त महोदय, मृगबागेची लागवड जून-जुलैत होते. त्याआधी ही पत्रिका निघाली, तर या वर्षी लागणाऱ्या बागेतला घड निसवेल तेव्हा शेतकऱ्याच्या हातात बाटलीसोबत खात्याचा कागदही असेल. २०१० मध्ये द्राक्षाला जे नुकसान सोसून शिकावे लागले, ते केळीला नुकसानीशिवाय शिकवता येईल. ही पत्रिका या लागवडीआधी काढावी, अशी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

कळावे.

आपली,
करमाळ्याच्या केळी उत्पादक कुटुंबातली एक पुणेकर नागरिक